अक्कलदाढ काढायची आहे? भूल कोणती घ्यावी, कोणाला कोणती चालते आणि घरी परतायचे कसे

मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथच्या गावांतून कल्याण किंवा ठाण्याला दाढ काढायला येणाऱ्या रुग्णाच्या मनात दोन प्रश्न हमखास असतात. "दुखेल का?" आणि "बेशुद्ध करणार का?" या दोन प्रश्नांची नीट उत्तरे न मिळाल्यामुळे अनेक जण दाढेवर लवंग नाहीतर तंबाखू दाबून महिनोन्‌महिने काढतात आणि गाल सुजला, तोंड उघडेनासे झाले की मगच दवाखाना गाठतात. तोपर्यंत जे काम खुर्चीत बसून अर्ध्या-पाऊण तासात झाले असते, ते रुग्णालयात दाखल होण्यापर्यंत जाते.

अक्कलदाढ काढताना भुलीचे कोणते प्रकार वापरले जातात, त्यातला कोणता कोणाला लागतो, आधी काय सांगायचे, काय खायचे आणि नंतर गावी कसे परतायचे, याची ही माहिती. अंतिम निर्णय अर्थातच तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

अक्कलदाढेचाच एवढा त्रास का?

सर्वांत मागची, म्हणजे तिसरी दाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. तोवर जबड्यातली जागा संपलेली असते. मग ती दाढ तिरपी, आडवी किंवा अर्धीच बाहेर येते. अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीचा पदर टोपीसारखा राहतो, त्याखाली अन्न अडकते, ब्रश पोहोचत नाही आणि पू होतो. ठणका कानापर्यंत जातो, गिळताना दुखते, जबडा आखडतो.

प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असे नाही. सरळ आलेली, साफ राहणारी दाढ तशीच ठेवतात. वारंवार सूज येत असेल, दाढ किडली असेल, शेजारची चांगली दाढ खराब होत असेल किंवा जबड्यात गाठ दिसत असेल तर ती काढायचा सल्ला दिला जातो. त्यासाठी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढतात. दाढ किती खोल आहे, मुळे कशी आहेत आणि खालच्या जबड्यातून जाणारी नस किती जवळ आहे हे त्यात कळते. भुलीचा प्रकार ठरवायलाही हाच एक्स-रे उपयोगी पडतो.

पहिला प्रकार: जागेवरची भूल

दवाखान्यात "सुई देऊन दाढ बधिर करतो" असे म्हणतात ती हीच. बहुतेक अक्कलदाढा, अगदी हिरडी कापून आणि थोडे हाड घासून काढाव्या लागणाऱ्या आडव्या दाढासुद्धा, एवढ्याच भुलीवर निघतात. रुग्ण पूर्ण जागा असतो, बोलू शकतो, हात वर करून डॉक्टरांना थांबवू शकतो.

आपल्याकडे यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे लिग्नोकेन. स्वीडनमध्ये १९४३ साली ते तयार झाले आणि १९४८ पासून बाजारात आहे. त्यात सहसा ॲड्रेनॅलिन अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेले असते. त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त कमी जाते आणि भूल जास्त वेळ टिकते. काही दवाखान्यांत आर्टिकेन वापरतात. नंतरचा ठणका लांबवण्यासाठी काही वेळा जास्त वेळ टिकणारे ब्युपिव्हाकेन देतात.

वरची दाढ असेल तर दाढेच्या बाजूला हिरडीत सुई देतात. वरचे हाड सच्छिद्र असल्याने औषध दोन-तीन मिनिटांत मुरते. खालच्या जबड्याचे हाड जाड असते. तिथे दाढेजवळ सुई देऊन भागत नाही. म्हणून तोंडाच्या आत, मागच्या बाजूला, जिथे नस हाडात शिरते तिथे औषध सोडतात. पाच-दहा मिनिटांत त्या बाजूचा ओठ, हनुवटी आणि अर्धी जीभ जड होते. ओठ सुजल्यासारखा वाटतो, आरशात मात्र काहीच दिसत नाही. ही बधिरता तीन ते पाच तास राहू शकते.

सुई टोचताना कळ येते, हे खरे. ती काही सेकंदांची असते. आधी जेल किंवा स्प्रे लावला तर तीही कमी होते. औषध हळूहळू सोडले की ताण कमी जाणवतो. त्यानंतर टोकदार वेदना जाणवायला नको, पण दाब, ओढ आणि कडकड आवाज जाणवतोच. भूल दुखणे थांबवते, ढकलल्याची जाणीव थांबवत नाही. हा फरक आधी माहीत नसला की रुग्ण दाब जाणवताच घाबरतो आणि "भूल लागलीच नाही" असे समजतो.

भूल लागत नाही असे वाटले तर

खरोखर दुखत असेल तर गप्प बसून सोसायचे नाही. हात वर करायचा. डॉक्टर थांबतात, तपासतात आणि गरज असेल तर आणखी औषध देतात. "जास्त सुया घेतल्या तर काही होईल का?" ही भीती अनेकांना असते. दोन टक्के लिग्नोकेनच्या एका मिलिलीटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते. एका दाढेला साधारण दोन ते चार मिलिलीटर, म्हणजे ४० ते ८० मिलिग्रॅम लागते. ॲड्रेनॅलिनसह दिलेल्या लिग्नोकेनची मर्यादा निरोगी प्रौढासाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे सात मिलिग्रॅम धरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या सुईसाठी सहसा भरपूर जागा असते. लहान चणीचे रुग्ण, वयस्कर माणसे, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असणारे यांच्यासाठी ही मर्यादा कमी असते आणि डॉक्टर त्याप्रमाणेच मोजून देतात.

भूल कमी लागण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पू. सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि तिथे औषध नीट काम करत नाही. म्हणूनच काही वेळा डॉक्टर त्या दिवशी दाढ न काढता आधी पू काढून देतात, गोळ्या देतात आणि चार-पाच दिवसांनी बोलावतात. "एवढा लांबून आलो आणि हात हलवत परत पाठवलं" असा राग यायचे कारण नाही. मात्र गोळ्यांनी बरे वाटले म्हणून दुसऱ्या खेपेला न येणे, ही चूक खूप जण करतात. दाढ तिथेच असते, सूज पुन्हा येते.

सुईनंतर मिनिटभर छाती धडधडली तर तो बहुधा ॲड्रेनॅलिनचा परिणाम असतो. चक्कर आली तर बहुतेक वेळा ती भीतीने किंवा उपाशी राहिल्याने येते. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार विरळ आहे. तरी पूर्वी असे काही झाले असेल तर "मला सुईची रिॲक्शन आली होती" एवढेच न सांगता नेमके काय झाले ते सांगावे. अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, की नुसती चक्कर आली, यावर पुढचा निर्णय बदलतो.

दुसरा प्रकार: नाकावाटे वायू

नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण नाकावर ठेवलेल्या छोट्या मास्कमधून देतात. 'हसवणारा वायू' म्हणून तो ओळखला जातो. यात रुग्ण झोपत नाही. अंग सैल पडते, भीती कमी होते, वेळ कसा गेला कळत नाही. शेवटी काही मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिला की परिणाम लगेच उतरतो.

या वायूचा दाढेशी जुना संबंध आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड गावच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने ११ डिसेंबर १८४४ रोजी हा वायू हुंगून स्वतःचीच अक्कलदाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली. दोन वर्षांनी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया होऊ शकते हे जाहीरपणे दाखवणारा विल्यम मॉर्टनही दंतवैद्यच होता. आज जगभर ऑपरेशनला दिली जाणारी भूल दातदुखीच्या धंद्यातूनच पुढे आली.

वेल्सच्या काळापेक्षा आजचा वापर वेगळा आहे. आता हा वायू भीती घालवण्यासाठी देतात आणि दाढ बधिर करायची सुई त्यासोबत द्यावीच लागते. ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते, शहरातल्या निवडक ठिकाणी असते. सर्दीने नाक चोंदले असेल तर वायू नीट जात नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तो टाळतात.

तिसरा प्रकार: गुंगीचे औषध

ज्यांना सुई पाहूनच घाम फुटतो, ज्यांचे काम लांबणार आहे, त्यांना गुंगी दिली जाते. एक मार्ग गोळीचा. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी ठरलेल्या वेळी घ्यायची. दुसरा मार्ग शिरेतून, सलाईनवाटे. यात मिडाझोलामसारखे औषध देतात. रुग्ण पेंगतो, हाक मारली की ओ देतो, सांगितले की तोंड उघडतो, पण नंतर त्याला फारसे आठवत नाही. दाढ बधिर करायची सुई इथेही लागते, फक्त ती घेतल्याची आठवण राहत नाही.

शिरेतून गुंगी देताना भूलतज्ज्ञ हजर असावा, बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावलेले असावे, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि श्वास अडला तर लागणारे सामान हाताशी असावे. गुंगी ठरवल्यापेक्षा खोल गेली तर श्वास मंदावू शकतो, म्हणून ही खबरदारी. झोपेची गोळी शेजाऱ्याकडून मागून घेऊन दवाखान्यात जाणे किंवा धीर यावा म्हणून दोन घोट मारून जाणे, दोन्ही धोक्याचे. दारू आणि गुंगीचे औषध एकत्र आले की श्वासावर परिणाम होतो. दारूच्या अमलाखाली आलेल्या रुग्णाला डॉक्टर परत पाठवतात ते याचसाठी.

चौथा प्रकार: पूर्ण भूल

यात रुग्ण पूर्ण झोपतो. हे काम खुर्चीत होत नाही, ऑपरेशन थिएटरमध्येच होते. श्वासासाठी नळी घालावी लागते. तोंडात काम करायचे असल्याने ती बहुधा नाकातून घालतात. आधी रक्ताच्या तपासण्या करतात आणि वय व आजार पाहून ईसीजी, छातीचा एक्स-रे काढतात. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी किंवा त्याआधी तपासतो. बरेच रुग्ण त्याच दिवशी संध्याकाळी घरी जातात, काहींना एक रात्र ठेवतात.

चारही दाढा खोल असून एकाच वेळी काढायच्या असतील, दाढेभोवती मोठी गाठ असेल, तोंड उघडतच नसेल, सूज मानेकडे पसरली असेल, रुग्ण गतिमंद असेल किंवा खुर्चीत स्थिर बसू शकत नसेल, तर पूर्ण भूल लागते. जागे झाल्यावर घसा खवखवणे, मळमळ, नाकातून थोडे रक्त येणे असे त्रास होऊ शकतात. ते सहसा एक-दोन दिवसांत जातात. निरोगी माणसात गंभीर अडचण क्वचित येते, पण जागेवरच्या भुलीपेक्षा जोखीम, खर्च आणि दगदग तिन्ही जास्त. त्यामुळे "डॉक्टर, पूर्ण बेशुद्धच करा, कटकट नको" हा हट्ट साध्या एका दाढेसाठी धरू नये. उलट डॉक्टरांनी पूर्ण भूल सुचवली तर "पैसे काढायला सांगतात" असे लगेच ठरवू नये. कारण विचारावे, एक्स-रेवर दाखवायला सांगावे.

गुटखा, मावा खाणाऱ्यांची वेगळी अडचण

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, सवय मात्र गेलेली नाही. सुपारी-गुटख्यामुळे गालाच्या आतली त्वचा ताठ होते आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का, हे घरी पाहता येते. दोनच जात असतील, किंवा एकच, तर ते पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

तोंड कमी उघडत असेल तर खालच्या नसेपर्यंत सुई नेहमीच्या पद्धतीने पोहोचत नाही. तोंड मिटलेले असतानाच गालाच्या आतून भूल देण्याची वझिरानी-अकिनोसी नावाची पद्धत आहे, ती अशा वेळी वापरता येते. तरीही दाढेपर्यंत हत्यार पोहोचायला जागा लागतेच. पूर्ण भूल द्यायची ठरली तर तोंड न उघडणाऱ्या माणसाला नळी घालणे हेच भूलतज्ज्ञासाठी अवघड काम असते. त्यासाठी मोठे रुग्णालय गाठावे लागते. अशा रुग्णाने गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्यांची तपासणीही त्याच भेटीत करून घ्यावी, कारण हा आजार कर्करोगाकडे वळू शकतो.

डॉक्टरांना काय काय सांगायचे

दाढेचे काम म्हणून बाकी शरीराबद्दल बोलायचे राहून जाते. पण भूल ठरते ती याच माहितीवर. पुढच्या गोष्टी न विचारताही सांगाव्यात.

• ब्लड प्रेशर, साखर, हृदयविकार, दमा, फिट, थायरॉईड, किडनी किंवा यकृताचा आजार.
• रोजच्या गोळ्या. नावे आठवत नसतील तर पाकिटे पिशवीत घालून न्यावीत.
• रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते. या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. दाढेचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर बोलून ठरवतात.
• हाडे ठिसूळ होण्यावरचे किंवा कर्करोगावरचे इंजेक्शन घेतले असेल तर. त्याने जबड्याची जखम भरायला अडचण येते.
• गरोदरपण किंवा त्याची शक्यता. अगदी गरज असेल तर मधल्या तीन महिन्यांत जागेवरच्या भुलीवर काम करता येते. अंगावर पाजणाऱ्या आईला जागेवरची भूल चालते.
• आधीच्या ऑपरेशनच्या वेळी भुलीचा त्रास झाला असेल तर. घरात रक्ताच्या नात्यात कोणाला झाला असेल तर तेही.
• सिकलसेल. आदिवासी पाड्यांवर तपासणी झाली असेल आणि कार्ड मिळाले असेल तर ते सोबत न्यावे. सिकलसेलच्या रुग्णाला पूर्ण भूल देताना पाणी, ऑक्सिजन आणि शरीराची ऊब यांची खास काळजी घ्यावी लागते.
• तंबाखू, मिश्री, दारू. लपवण्यात अर्थ नाही, डॉक्टर यावरून औषध ठरवतात.

उपाशी जायचे की खाऊन?

यात सर्वांत जास्त घोळ होतो. नियम भुलीप्रमाणे बदलतो.

फक्त जागेवरची भूल असेल तर उपाशी जाऊ नये. पोळी-भाजी, भाकरी, पेज, जे नेहमीचे असेल ते हलके खाऊन जावे. रोजच्या प्रेशरच्या गोळ्या घ्याव्यात. मधुमेह असणाऱ्याने औषध घेऊन जेवण चुकवले तर साखर एकदम उतरते आणि खुर्चीतच चक्कर येते. पहाटेची एसटी पकडायची म्हणून काही न खाता निघणाऱ्यांनी डबा सोबत ठेवावा.

शिरेतून गुंगी किंवा पूर्ण भूल असेल तर पोट रिकामे हवे. झोपेत उलटी झाली तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. साधारण नियम असा: हलके जेवण सहा तास आधी थांबवायचे, तेलकट-मटणाचे जेवण आठ तास आधी, आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, तो जेवणात मोजतात. "फक्त अर्धा कप चहा घेतला" म्हणून ऑपरेशन पुढे ढकलले जाते. त्या सकाळी मिश्री-तंबाखूही नको. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन त्या दिवशी किती घ्यायचे हे भूलतज्ज्ञालाच विचारावे.

जायचे कुठे?

सुरुवात जवळच्या सरकारी रुग्णालयापासून करता येते. मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही जिल्ह्यातली ठिकाणे. दातांच्या डॉक्टरांचे वार आणि वेळ आधी विचारून जावे, म्हणजे खेप फुकट जात नाही.

अवघड दाढेसाठी दंत महाविद्यालये हा चांगला पर्याय आहे. मुंबईत सीएसएमटी स्थानकाजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. कसारा-आसनगाव किंवा बदलापूरच्या लोकलने थेट शेवटच्या स्थानकात उतरून चालत जाता येते. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, त्यासाठी दादरला गाडी बदलावी लागते. नवी मुंबईत नेरूळ, सीबीडी बेलापूर, खारघर, कामोठे या भागांत खासगी दंत महाविद्यालये आहेत. ठाण्याहून नेरूळला ट्रान्स-हार्बर लोकल जाते. या ठिकाणी जबड्याच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ आणि शिकाऊ डॉक्टर दोघे असतात. वेळ जास्त लागतो, सकाळी लवकर पोहोचून केसपेपर काढावा लागतो.

खासगी दवाखान्यात गेल्यास डॉक्टरांचा महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहावा. तो विचारण्यात काही गैर नाही. बाजारच्या दिवशी टेबल मांडून दात काढणाऱ्यांकडे अक्कलदाढ काढून घेऊ नये. तिथे सुई निर्जंतुक आहे की नाही, औषध कोणते आणि किती, काहीच कळत नाही.

परतीचा रस्ता आधी ठरवा

टोकावडे, धसई, डोळखांब, किन्हवलीकडच्या रुग्णासाठी हा मुद्दा भुलीइतकाच महत्त्वाचा आहे. फक्त जागेवरची भूल घेतली असेल तर माणूस शुद्धीत असतो, एसटीने किंवा लोकलने घरी जाऊ शकतो. तरी सोबत कोणी असलेले बरे. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास दवाखान्यात थांबून रक्त थांबल्याची खात्री करावी.

गुंगी किंवा पूर्ण भूल घेतल्यावर मात्र २४ तास गाडी चालवायची नाही, ट्रॅक्टर-मळणी यंत्रावर बसायचे नाही, व्यवहाराच्या कागदावर सही करायची नाही. "मला आता बरं वाटतंय" यावर जाऊ नये, कारण औषधाचा अंमल कळत नाही. मोटरसायकलवर मागे बसणेही धोक्याचे, डुलकी लागली तर तोल जातो. एक मोठे माणूस सोबत हवे आणि रिक्षा किंवा चारचाकी हवी. संध्याकाळच्या गर्दीत कल्याणला लोकलमध्ये चढायची वेळ येऊ नये म्हणून सकाळची वेळ मागावी. कल्याण-डोंबिवलीत नातेवाईक असतील तर एक रात्र तिथेच राहणे उत्तम. मध्यरात्री रक्त सुरू झाले तर दवाखाना जवळ असतो.

पावसात रस्ता बंद होणाऱ्या गावांनी आणि आवणीच्या दिवसांत शेतात वाकून काम करणाऱ्यांनी, तातडी नसेल तर तारीख पुढे-मागे करून घ्यावी. दाढ काढल्यावर दोन-तीन दिवस वाकून काम, ओझे, पाण्याची कळशी उचलणे टाळावे लागते.

भूल उतरताना

ओठ-जीभ बधिर असेपर्यंत जेवू नये. गाल किंवा जीभ चावली जाते आणि कळतही नाही. गरम चहाने तोंड भाजते, तेही कळत नाही. दुखण्याची पहिली गोळी भूल पूर्ण उतरण्याआधी, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घ्यावी. ठणका सुरू झाल्यावर घेतली तर ती लागू पडायला वेळ लागतो. कापूस किंवा गॉज अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. त्या दिवशी सारखे थुंकायचे नाही, चूळ भरायची नाही. थुंकीने जखमेवरची रक्ताची गुठळी निघते आणि मग तीन-चार दिवसांनी भयंकर ठणका लागतो. तंबाखू आणि बिडीनेही हेच होते.

जागेवरच्या भुलीची बधिरता त्याच दिवशी उतरते. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिरच असेल तर ते भुलीमुळे नाही, नसेला दाब किंवा धक्का लागल्यामुळे असू शकते. बहुतेकांचे काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारते, पण डॉक्टरांना लगेच कळवावे.

काही गैरसमज

वरची दाढ काढली की नजर जाते, असे अजूनही अनेक घरांत सांगतात. दाढेची नस आणि डोळ्याने पाहण्याची नस वेगळ्या आहेत. दाढ काढल्याने नजर जात नाही.

भूल घेतली की पाठ कायमची दुखते, हा समज पाठीतल्या सुईवरून आला आहे. ती सुई पोटाच्या खालच्या ऑपरेशनला देतात. दाढेसाठी पाठीत सुई देतच नाहीत.

अक्कलदाढ काढली की अक्कल कमी होते, ही निव्वळ थट्टा. ती शहाणपणाच्या वयात येते म्हणून तिला हे नाव पडले.

ताबडतोब रुग्णालय गाठा

दाढ काढण्याआधी असो किंवा नंतर, पुढची लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये: जबड्याखाली किंवा मानेत पसरणारी कडक सूज, लाळ गिळता न येणे, आवाज बदलणे, श्वास घ्यायला त्रास, तोंड उघडेनासे होऊन थंडीताप येणे, अर्धा तास दाबूनही न थांबणारे रक्त. दाढेचा पू मानेत उतरला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते आणि यात जीव जाऊ शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला आडवे झोपवू नये, बसते ठेवावे. अशा अवस्थेत पूर्ण भूल देणेही फार जोखमीचे होते, म्हणून दाढ पहिल्या-दुसऱ्या सुजेलाच दाखवावी.

निघण्याआधी विचारायचे प्रश्न

• माझ्या दाढेला कोणती भूल लागेल आणि का?
• भूल कोण देणार? भूलतज्ज्ञ असणार का?
• ऑक्सिजनची सोय आहे का?
• उपाशी यायचे का? रोजच्या गोळ्या घ्यायच्या का?
• एकूण खर्च किती? त्यात भूलतज्ज्ञाचे पैसे आले का?
• सोबत कोणी लागेल का? त्याच दिवशी गावी जाता येईल का?
• रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

हे प्रश्न कागदावर लिहून नेले तर विसरत नाहीत. उत्तरे मराठीत, समजतील अशी मिळेपर्यंत संमतीच्या कागदावर सही करण्याची घाई करू नये.